खुणेची किंमत: कर्करोगाचे दर्शक आणि हृदयातल्या तंतुकणिका

शरीरात कर्करोगाची गाठ वाढू लागली की तिच्यातून, किंवा तिच्याशी झुंजणाऱ्या आजूबाजूच्या पेशींतून, काही पदार्थ रक्तात आणि लघवीत उतरतात. वैद्यकात त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. मराठीत दर्शक म्हणता येईल. बहुतेक दर्शक ही प्रथिने असतात, काही संप्रेरके असतात, आणि अलीकडे डीएनएचे तुकडेही या यादीत आले आहेत. दर्शक हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. चिखलात उमटलेले पाऊल वाघाचेच की कुत्र्याचे, हे जाणकारालाही कधी दुसऱ्या पुराव्याशिवाय सांगता येत नाही. रक्तातल्या खुणेचेही तसेच असते.

पहिला दर्शक सापडला तो लंडनमध्ये, १८४५ साली. पंचेचाळिशीतला एक किराणा व्यापारी छाती आणि पाठीच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळला होता. विल्यम मॅकिंटायर या डॉक्टरांनी त्याची लघवी तापवून पाहिली तेव्हा ती नेहमीपेक्षा वेगळी वागली. नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनाच्या जाणकार डॉक्टरांकडे गेला. या लघवीतल्या पदार्थाची आज माहीत असलेली खासियत अशी: साठ अंशांच्या आसपास तापवले की साका धरतो, उकळी येऊ लागली की विरघळतो, आणि थंड होताना पुन्हा धरतो. अंड्याचा पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, म्हणून हे वागणे अगदीच जगावेगळे होते. रुग्ण १८४६च्या जानेवारीत दगावला. त्याची हाडे आतून ठिसूळ झाली होती. त्याचा रोग मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो विचित्र पदार्थ म्हणजे प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या, हे १९६२ साली एडेलमन आणि गॅली यांनी दाखवून दिले. खूण सापडल्यापासून तिचा अर्थ लागेपर्यंत शंभरहून अधिक वर्षे गेली. आज मायलोमाच्या रुग्णाच्या रक्तात याच हलक्या साखळ्या मोजून उपचार लागू पडतो आहे की नाही ते ठरवतात.

पुढचे दर्शक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. मॉस्कोत गॅरी आबेलेव्ह यांना १९६३ साली यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात असे प्रथिन सापडले, जे एरवी फक्त गर्भात बनते. ते अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. दोन वर्षांनी माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगात असेच गर्भातले दुसरे प्रथिन मिळाले, ते सीईए. या दोन्ही शोधांनी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. गर्भावस्थेत पेशी झपाट्याने वाढतात, त्यासाठी लागणारी काही जनुके जन्मानंतर बंद होतात, आणि कर्करोगाची पेशी ती बंद कवाडे पुन्हा उघडते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतले पीएसए १९७९ साली शुद्ध रूपात वेगळे केले गेले, तर अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेले सीए-१२५ १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले.

हे पदार्थ रक्तात किती थोडे असतात याची कल्पना आल्याशिवाय तपासणीचे मोल कळत नाही. पीएसएचा नेहमी सांगितला जाणारा उंबरठा आहे मिलिलिटरला ४ नॅनोग्राम. नॅनोग्राम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढे अल्प प्रमाण मोजण्याची वाट रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खुणेचा वापर करून दाखवली; यॅलो यांना त्यासाठी १९७७चे नोबेल मिळाले. आजच्या लॅबमध्ये बहुधा दोन प्रतिपिंडांची पद्धत चालते. एक प्रतिपिंड पृष्ठभागाला चिकटवलेले असते, ते रक्तातला दर्शक पकडते. दुसरे प्रतिपिंड त्याच दर्शकाच्या दुसऱ्या बाजूला बसते आणि त्याला प्रकाश किंवा रंग देणारा रेणू जोडलेला असतो. दर्शक मधे असला तरच दोन्ही एकत्र येतात आणि यंत्राला उजेड दिसतो. उजेड जितका जास्त तितका दर्शक जास्त.

या पद्धतीत एक फट आहे आणि ती घराघरात पोचली आहे. अनेक कंपन्यांच्या किटमध्ये ही जोडणी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या आधारे केलेली असते. केस आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत हेच बायोटिन रोजच्या गरजेच्या कैक पट असते. रक्तात ते भरपूर असले की जोडणीच्या जागा तेच अडवून बसते आणि अहवालात दर्शकाचा आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. रक्त देताना अशा गोळ्या चालू असल्याचे लॅबला सांगितले, तर हा घोळ टळतो.

खरी अडचण मात्र यंत्रात नसून शरीरात आहे. यातला जवळपास कोणताही पदार्थ फक्त कर्करोगातच वाढतो असे नाही. सिगारेट ओढणाऱ्याचे सीईए थोडे चढलेलेच असते. कावीळ आणि गरोदरपण यांत एएफपी वाढते. प्रोस्टेट वयामुळे नुसती मोठी झाली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए वर जाते. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढते. आणि भारतात विशेष लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पोटाच्या क्षयरोगातही ते खूप चढते. पोटात पाणी, वजन घटलेले, सीए-१२५ वाढलेले, असे चित्र दिसले की अंडाशयाच्या कर्करोगाची शंका येते. तुकडा काढून तपासला की क्षयाच्या गाठी निघतात आणि बाई गोळ्यांनी बरी होते. म्हणून नुसत्या आकड्यावरून कर्करोगाचा शिक्का मारणे चूक आहे, मग तो आकडा कितीही मोठा असो.

निरोगी माणसांची सरसकट तपासणी का फसते, हे साध्या हिशेबाने कळते. समजा दहा हजार बायकांची चाचणी केली आणि त्यांतल्या चौघींनाच खरोखर अंडाशयाचा कर्करोग आहे. चाचणी रोग असलेल्या चारपैकी तिघींना पकडते, आणि निरोगी बायकांपैकी शेकडा दोघींनाच चुकून रोगी ठरवते. ऐकायला ही चाचणी उत्तम वाटते. पण ९,९९६ निरोगी बायकांचे दोन टक्के म्हणजे जवळपास दोनशे. अहवाल वाईट आलेल्या २०३ बायकांत खरा रोग तिघींनाच. उरलेल्या दोनशेजणींच्या वाट्याला झोप उडवणाऱ्या रात्री, सोनोग्राफी, आणि काहींच्या वाट्याला नको असलेली शस्त्रक्रियाही येते. रोग जितका विरळ, तितके एकूण गजरांत खोट्या गजरांचे प्रमाण जास्त.

ब्रिटनमध्ये हा हिशेब प्रत्यक्षात तपासला गेला. पाळी थांबलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रिया २००१ ते २००५ या काळात एका चाचणीत सामील झाल्या. एका गटाचे सीए-१२५ दरवर्षी मोजून चढउतार पाहिला गेला. रोग थोड्या आधीच्या टप्प्यावर सापडला, हे खरे. पण २०२१ साली अंतिम निकाल आला तेव्हा अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झालेले नव्हते. आधी सापडणे आणि जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाचणीची कसोटी जीव वाचणे हीच असायला हवी.

या कसोटीला उतरलेली एक खूण मराठवाड्यात तपासली गेली, आणि हे काम जगाच्या वैद्यकात मानाने सांगितले जाते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट पाडून, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास १९९९ साली सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो, हे जर्मनीतल्या हॅराल्ड त्सूर हाउझन यांनी दाखवले होते. त्याबद्दल त्यांना २००८चे नोबेल मिळाले. त्या विषाणूचा डीएनए हीच इथली खूण. एका गटात तो शोधला, दुसऱ्या गटात पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, केली, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावून डोळ्यांनी पाहिले, चौथ्याला नेहमीचीच सेवा मिळाली.

आठ वर्षांनी निकाल लागला. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. म्हणजे मृत्यूचा धोका जवळपास निम्मा. बाकीच्या दोन पद्धतींनी असा ठळक फरक पडला नाही. चौथ्या गटातल्या बायकांना चाचणी मिळाली नाही याबद्दल पुढे नैतिकतेचा प्रश्न उठला, आणि तो रास्त आहे. त्या बायकांचे ऋण मान्य करूनच हा निकाल वाचावा लागतो. सीए-१२५ जिथे हरले तिथे हा दर्शक का जिंकला? कारण तो रोगाचा मागमूस सांगत नाही, रोगाचे कारणच दाखवतो, आणि तेही कर्करोग होण्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी. शिवाय सापडलेली जागा गोठवून किंवा कापून काढता येते. खूण, वेळ आणि उपाय असे तिन्ही जुळले तरच मोजण्याला अर्थ असतो.

एकदा निदान झाले की मात्र रक्तातले जुने दर्शक फार कामाचे ठरतात. तरुणांच्या वृषणाच्या कर्करोगात एएफपी आणि एचसीजी (एरवी गरोदरपणात दिसणारे संप्रेरक) यांचे आकडे शस्त्रक्रियेनंतर ठरलेल्या वेगाने उतरायला हवेत: एचसीजी साधारण एक ते दीड दिवसात निम्मे, एएफपी पाच ते सात दिवसांत निम्मे. उतार मंदावला तर कुठेतरी रोग शिल्लक आहे, हे स्कॅनमध्ये काही दिसण्याआधीच कळते. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवे. नंतर ते वाढू लागले तर तीच परतीची पहिली चाहूल असते. गाठीतून रक्तात सुटणारे डीएनएचे तुकडे तर याहून चपळ असतात. सुमारे १६० ते १७० बेस-जोड्यांचे हे तुकडे रक्तात तासा-दोन तासांत निम्मे होतात, त्यामुळे आजची परिस्थिती आजच सांगतात. फुप्फुसाच्या कर्करोगात कोणती गोळी लागू पडेल हे ठरवण्यासाठी अशी रक्तचाचणी अमेरिकेत २०१६पासून मान्य आहे.

कर्करोगावर उपचार सुरू झाले की आणखी एका अवयवाच्या खुणा पाहाव्या लागतात, आणि तो म्हणजे हृदय. केमोथेरपीच्या वॉर्डात लाल रंगाचे एक औषध ओळखीचे आहे. परिचारिका ते घाई न करता शिरेतून सोडते, कारण शिरेबाहेर सांडले तर कातडी आणि मांस जळते. पुढचा एखाद-दुसरा दिवस लघवीही लालसर होते आणि रुग्ण घाबरतात. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो. या डॉक्सोरुबिसिनचा जन्म मातीतल्या जिवाणूंतून झाला. इटलीत आद्रियाटिक समुद्राजवळच्या एका किल्ल्याच्या परिसरातली माती आणून संशोधकांनी त्यातले स्ट्रेप्टोमायसिस वाढवले, आणि समुद्राच्या नावावरून औषधाला आद्रियामायसिन हे नाव मिळाले. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, रक्ताचा कर्करोग, लहान मुलांच्या गाठी, या सगळ्यांत गेली पन्नास वर्षे त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ते हृदयाला इजा करते. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्राम औषध पोचले तर सुमारे ५ टक्के रुग्णांचे हृदय निकामी होऊ लागते, ५५० मिलिग्रामला २६ टक्के आणि ७०० मिलिग्रामला ४८ टक्के. म्हणून डॉक्टर एकूण मात्रेचा हिशेब आयुष्यभर सांभाळतात. स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या चार फेऱ्यांत ती सुमारे २४० मिलिग्राम होते.

इजा हृदयालाच का, याचे उत्तर तंतुकणिकांत आहे. पेशीला ऊर्जा देणारे हे सूक्ष्म कारखाने हृदयाच्या स्नायुपेशीत इतके दाटीने असतात की पेशीची जवळपास एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, त्यासाठी एटीपी हे ऊर्जाद्रव्य दिवसाला काही किलो बनवून खर्च करते, आणि साठा मात्र काही सेकंद पुरेल एवढाच असतो. पुरवठा थांबला की हृदयाला थांबायला वेळ लागत नाही.

तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा मेदपदार्थ असतो. तो पहिल्यांदा गाईबैलांच्या हृदयातून काढला गेला म्हणून त्याला हे नाव पडले. ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या रांगा पडद्यात घट्ट बसवून ठेवणे हे त्याचे काम. डॉक्सोरुबिसिन त्याला चिकटते आणि तिथेच साचते. तंतुकणिकेत लोह साठते, ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार होतात, आणि पडद्याची वीण उसवते. याशिवाय हृदयाच्या पेशीतल्या टोपोआयसोमरेज-२-बीटा या विकरावरही औषधाचा आघात होतो आणि नवीन तंतुकणिका बनणे मंदावते, असे २०१२ साली उंदरांत दिसले. डेक्सराझोक्सेन हे हृदय सांभाळणारे औषध निवडक रुग्णांना याच कारणाने देतात.

हृदयाची पेशी फुटू लागली की ट्रोपोनिन हे तिचे प्रथिन रक्तात उतरते. हार्ट अटॅकच्या निदानासाठी नेहमी वापरला जाणारा हा दर्शक केमोनंतरही मोजतात. मिलानमधल्या संशोधकांनी २००६ साली जोरदार केमोनंतर ट्रोपोनिन वाढलेले ११४ रुग्ण घेतले आणि त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांना एनालाप्रिल हे रक्तदाबाचे औषध सुरू केले. न घेतलेल्यांपैकी ४३ टक्क्यांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद लक्षणीय घसरली, घेतलेल्यांत एकाचीही नाही. निकाल देखणा होता, पण नंतरच्या ब्रिटिश चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. त्यामुळे ट्रोपोनिन पाहावे, सोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही करावी, पण नुसत्या ट्रोपोनिनवरून सगळ्यांना औषध सुरू करावे असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही.

ज्या पडद्यावर लाल औषध घाव घालते, तोच पडदा जन्मतःच कच्चा असेल तर काय होते, हे बार्थ सिंड्रोममध्ये दिसते. डच मेंदूतज्ज्ञ पीटर बार्थ यांनी १९८३ साली एका कुटुंबातल्या मुलांचे वर्णन केले: हृदयाचा स्नायू दुबळा, पांढऱ्या पेशी कमी, वाढ खुंटलेली. कार्डिओलिपिनला शेवटचा आकार देणारे टाफाझिन हे प्रथिन त्यांच्यात नीट बनत नाही. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून रोग मुख्यतः मुलग्यांना होतो. निदानासाठी कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंबही पुरतो. त्यात अर्धवट घडलेल्या आणि पूर्ण घडलेल्या कार्डिओलिपिनचे गुणोत्तर मोजतात. हा दर्शक जवळपास नि:संदिग्ध आहे, कारण तो थेट बिघाडाच्याच जागेवर बोट ठेवतो. कार्डिओलिपिनला धरून राहणाऱ्या एलामिप्रेटाइड या औषधाला अमेरिकेत २०२५ साली मंजुरी मिळाली.

तंतुकणिकांचा बिघाड आणखी एका वाटेने येतो. त्यांना स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ जोड्यांचा, ३७ जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. त्यांतल्या किती बिघडल्या यावर रोगाची तीव्रता ठरते. म्हणून एकाच आईच्या एका मुलाला फक्त मधुमेह आणि बहिरेपण, तर दुसऱ्याच्या हृदयाच्या भिंती जाड, असे होऊ शकते. जीडीएफ-१५ हा रक्तातला दर्शक अशा रोगांत वाढतो. पण तोच कर्करोगात, हृदयविकारात आणि गरोदरपणातही वाढतो. सीए-१२५चा धडा इथेही लागू आहे.

शेवटी पुन्हा त्या लाल औषधाकडे. डॉक्सोरुबिसिनची हृदयावरची इजा कधी दहा-वीस वर्षांनी वर येते, आणि लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्यांना तिचा धोका विशेष असतो. त्यांच्यासाठी मिळालेल्या मात्रेनुसार साधारण दर दोन ते पाच वर्षांनी इको करण्याची शिफारस आहे. तोवर जुने रुग्णालय, जुने डॉक्टर बदललेले असतात आणि कागद हरवलेले असतात. ज्यांच्या घरी असा बरा झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी डिस्चार्ज कार्डावरून दोन गोष्टी आजच वहीत उतरवून ठेवाव्यात: औषधाचे नाव, आणि त्याची एकूण मात्रा.